विश्लेषण : अमेरिकन फुटबॉलमध्ये पिवळा रुमाल पडल्यावर नेमके काय होते? पाच यार्डांचा दंड विजेतेपद कसे ठरवतो?

१२ फेब्रुवारी २०२३. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या ग्लेनडेल येथे ५७ वा सुपर बोल सुरू होता. कॅन्सस सिटी चीफ्स आणि फिलाडेल्फिया ईगल्स ३५-३५ असे बरोबरीत होते आणि सामन्यात दोन मिनिटेही शिल्लक नव्हती. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सने टाकलेला पास जुजू स्मिथ-शूस्टरच्या हाती लागला नाही. ईगल्सचा बचाव यशस्वी ठरला, असे वाटत असतानाच गवतावर एक पिवळा रुमाल दिसला. ईगल्सच्या जेम्स ब्रॅडबेरीने स्मिथ-शूस्टरला धरून ठेवले होते. दंड होता अवघ्या पाच यार्डांचा. मात्र त्या निर्णयानंतर ईगल्सच्या आक्रमणाकडे चेंडू आला, तेव्हा सामन्याचे फक्त काही सेकंद उरले होते. चीफ्स ३८-३५ असे जिंकले. साडेचार मीटरचा हा दंड इतका महागात कसा पडला? त्यासाठी या खेळातील दंडाची पद्धत समजून घ्यावी लागते.

खेळाचा मूळ हिशेब काय?

अमेरिकन फुटबॉल हा मुळात जमीन मिळवण्याचा खेळ आहे. दोन गोलरेषांमध्ये १०० यार्डांचे मैदान असते आणि प्रत्येक गोलरेषेमागे १० यार्डांचा ‘एंड झोन’. आक्रमण करणाऱ्या संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. प्रत्येक संधीला ‘डाऊन’ म्हणतात. चार संधींत १० यार्ड पार केले, तर पुन्हा नव्या चार संधी. नाही केले, तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. त्यामुळे चौथ्या संधीत संघ बहुधा धोका पत्करत नाहीत. गोलपोस्ट जवळ असेल तर तीन गुणांचा ‘फील्ड गोल’ मारतात, नाहीतर चेंडू दूर लाथाडून देतात.

पडद्यावर ‘थर्ड अँड एट’ असे दिसते, त्याचा अर्थ तिसरी संधी, आठ यार्ड बाकी. म्हणजे या खेळात एकाच वेळी तीन गोष्टी मोजल्या जातात : चेंडू कुठे आहे, कितवी संधी आहे आणि किती वेळ उरला आहे. नियमभंगाचा दंडही याच तीन गोष्टींत वसूल केला जातो. फुटबॉलसारखी पिवळी-लाल कार्डे इथे नाहीत आणि हॉकीप्रमाणे खेळाडूला काही मिनिटे बाहेरही बसवत नाहीत. दंड मुख्यतः जमिनीच्या मापात भरावा लागतो.

रुमालाची पद्धत आली कुठून?

पूर्वी पंच नियमभंग दिसला की शिट्टी किंवा भोंगा वाजवत. प्रेक्षकांच्या गोंगाटात तो अनेकदा ऐकूच येत नसे. ओहायो राज्यातील यंग्जटाऊन कॉलेजचे प्रशिक्षक ड्वाइट बीड यांनी त्यावर रुमालाची युक्ती काढली. त्यांच्या पत्नी अर्मा यांनी लाल-पांढऱ्या कापडाचे रुमाल शिवून दिले आणि १९४१ मध्ये ओक्लाहोमा सिटी विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात ते पहिल्यांदा वापरले गेले. अमेरिकेतील व्यावसायिक लीग असलेल्या एनएफएलने १९४८ मध्ये ही पद्धत स्वीकारली. तेथे सुरुवातीला रुमाल पांढरा होता, १९६५ पासून तो पिवळा झाला.

रुमाल दूर फेकता यावा म्हणून त्यात वजन भरलेले असते. या वजनानेच १९९९ मध्ये एक दुर्घटना घडवली. क्लीव्हलँड ब्राऊन्सचा खेळाडू ऑर्लँडो ब्राऊन याच्या डोळ्यावर पंचाने फेकलेला रुमाल आदळला. त्यानंतरचे तीन हंगाम तो खेळू शकला नाही.

रुमाल पडला तरी खेळ का थांबत नाही?

नवख्या प्रेक्षकाचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. चेंडू खेळात असताना नियमभंग झाला, तर पंच रुमाल टाकतात, पण चालू डाव बहुतेक वेळा पूर्ण होऊ देतात. धावणारा धावत राहतो, पास झेलला जातो, टचडाऊनही होतो. सगळे संपल्यावर हिशेब सुरू होतो.

काही चुका मात्र चेंडू खेळात येण्याआधीच होतात. आक्रमक फळीतील खेळाडू चेंडू सुटण्याआधी दचकून हलला, तर तो ‘फॉल्स स्टार्ट’. ठरलेल्या वेळेत डाव सुरू केला नाही, तर ‘डिले ऑफ गेम’. अशा वेळी पंच तिथेच खेळ थांबवतात. दोन्ही चुकांना पाच यार्ड मागे जावे लागते आणि तीच संधी पुन्हा खेळली जाते.

एनएफएलच्या मैदानावर सात पंच असतात. त्यांचा प्रमुख म्हणजे रेफरी. पांढऱ्या टोपीमुळे तो ओळखू येतो. ज्या पंचाने रुमाल टाकला तो रेफरीकडे जाऊन कोणत्या संघाच्या कितव्या क्रमांकाच्या खेळाडूने कोणती चूक केली, ते सांगतो. रेफरी खुणा करून आणि माइकवरून तो निर्णय प्रेक्षकांना सांगतो. एनएफएलमध्ये रेफरीच्या हाती माइक १९७५ पासून आला. प्रशिक्षक निर्णयाला आव्हान देण्यासाठी जो रुमाल फेकतात, तो लाल असतो. पिवळा फक्त पंचांचा.

कोणत्या चुकीला किती दंड?

ढोबळमानाने तीन पायऱ्या लक्षात ठेवल्या तरी पुरे : ५, १० आणि १५ यार्ड.

* ५ यार्ड : शिस्तीच्या चुका. फॉल्स स्टार्ट, ऑफसाइड, डिले ऑफ गेम. बचाव करणाऱ्याने पास झेलायला निघालेल्याला धरून ठेवणे, म्हणजे ‘डिफेन्सिव्ह होल्डिंग’, यालाही पाचच यार्ड. पण त्यासोबत नव्या चार संधी आपोआप मिळतात.

* १० यार्ड : आक्रमण करणाऱ्याने बचावपटूला धरणे, म्हणजे ‘ऑफेन्सिव्ह होल्डिंग’. पास झेलण्यासाठी बचावपटूला ढकलणे हेही याच गटात.

* १५ यार्ड : इजा होऊ शकेल अशा किंवा असभ्य वर्तनाच्या चुका. हेल्मेटची जाळी ओढणे, पास टाकून झालेल्या क्वार्टरबॅकवर आदळणे, प्रतिस्पर्ध्याला डिवचणे. एकाच सामन्यात दोनदा असभ्य वर्तनाचा दंड झाला, तर एनएफएलमध्ये खेळाडूला बाहेर काढले जाते. हा नियम २०१६ मध्ये आला.

या तिन्हीत न बसणारा एक मोठा दंड आहे. पास हवेत असताना तो झेलू पाहणाऱ्याला बचावपटूने अडवले, तर तो ‘पास इंटरफिअरन्स’. एनएफएलमध्ये याला ठरावीक यार्ड नाहीत. चूक जिथे घडली, तिथे चेंडू नेला जातो आणि नव्या चार संधी मिळतात. चूक ४० यार्ड पुढे घडली असेल, तर दंडही ४० यार्डांचा. ती एंड झोनमध्ये घडली असेल, तर चेंडू साधारणपणे एक यार्डाच्या रेषेवर ठेवतात. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये मात्र या चुकीचा दंड १५ यार्डांपेक्षा जास्त होत नाही. दोन्ही पद्धतींत कोणती न्याय्य, यावर चाहत्यांत सतत वाद असतो.

यार्ड नेमके कुठून मोजतात?

किती यार्ड, यापेक्षा ते कुठून मोजायचे हा प्रश्न अनेकदा अधिक महत्त्वाचा ठरतो. त्यासाठी मुख्यतः चार जागा असतात : डाव जिथून सुरू झाला ती, चूक जिथे घडली ती, डाव जिथे संपला ती आणि पुढचा डाव जिथून सुरू होणार ती.

समजा, चेंडू आक्रमक संघाच्या स्वतःच्या ३० यार्डांवर आहे. खेळाडू २० यार्ड धावला आणि ५० वर पोहोचला. त्याला पाडताना बचावपटूने हेल्मेटची जाळी ओढली. इथे धाव संपली त्या जागेपासून १५ यार्ड पुढे मोजतात, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या ३५ वर. मिळवलेले २० यार्ड कायम राहिले आणि वर १५ मिळाले.

आता त्याच धावेत चूक आक्रमणाची होती असे समजू. सहकाऱ्याने १२ यार्ड पुढे, म्हणजे ४२ वर, एका बचावपटूला धरले. अशा वेळी दंड चूक घडली तिथून मोजतात. ४२ वरून १० यार्ड मागे, म्हणजे ३२. त्या चुकीच्या पुढे जी धाव झाली, ती पुसली गेली. २० यार्डांची कमाई दोनवर आली आणि संधी पुन्हा खेळायची.

यामागचे तत्त्व सरळ आहे. चुकीचा फायदा चूक करणाऱ्याला मिळू नये आणि समोरच्याने चुकीशिवाय जे कमावले, ते त्याच्याकडून जाऊ नये. पास हवेत असेल, तर धाव संपण्याची जागाच नसते. म्हणून अपुऱ्या पासच्या वेळी दंड बहुधा डाव सुरू झाला त्या जागेपासून मोजतात. डाव संपल्यानंतर कोणी कोणाला ढकलले, तर डावाचा निकाल तसाच राहतो आणि दंड पुढच्या डावाच्या जागेपासून मोजला जातो.

१० यार्डांचे लक्ष्य दाखवणारी बाजूची साखळी मात्र दंडामुळे हलत नाही. म्हणून तिसरी संधी व १० यार्ड बाकी असताना १० यार्डांचा दंड झाला, की २० यार्ड बाकी राहतात.

गोलरेषा जवळ असेल तर?

आक्रमक संघ स्वतःच्या गोलरेषेपासून सहा यार्डांवर उभा आहे आणि त्याच्याकडून १० यार्डांची चूक झाली. १० यार्ड मागे नेले, तर चेंडू गोलरेषेपलीकडे जाईल. म्हणून नियम असा की, ठरावीक यार्डांचा दंड गोलरेषेपर्यंतच्या अंतराच्या निम्म्यापेक्षा अधिक होऊ शकत नाही. सहाचे निम्मे तीन, म्हणून चेंडू तीन यार्डांच्या रेषेवर. दुसऱ्या बाजूलाही हाच नियम लागू होतो.

मात्र आक्रमक संघाने स्वतःच्या एंड झोनमध्येच प्रतिस्पर्ध्याला धरले, तर सूट नाही. प्रतिस्पर्ध्याला थेट दोन गुण मिळतात आणि त्यानंतर चेंडूही त्यांच्याकडेच जातो. याला ‘सेफ्टी’ म्हणतात.

दंड नाकारण्याचा अधिकार कशासाठी?

फुटबॉलमध्ये ‘ॲडव्हान्टेज’ द्यायचा की नाही, हे पंच ठरवतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये हा निर्णय ज्यांच्यावर अन्याय झाला त्या संघाचा असतो. दंड घ्यायचा की डावाचा निकाल कायम ठेवायचा, हे ते डाव संपल्यावर ठरवतात.

तिसरी संधी, १० यार्ड बाकी. पास अपुरा राहिला, पण आक्रमणाकडून होल्डिंग झाले. बचाव संघाने दंड घेतला, तर तिसरी संधी पुन्हा खेळली जाईल, २० यार्ड बाकी. नाकारला, तर चौथी संधी येईल आणि आक्रमक संघाला बहुधा चेंडू सोडून द्यावा लागेल. अनेक प्रशिक्षक दंड नाकारतात. बचावपटूने पास मध्येच झेलून चेंडू हिसकावला असेल, तर विचारायलाच नको. आक्रमणाच्या चुकीचा दंड नाकारून चेंडू ठेवणे केव्हाही फायद्याचे.

याच नियमातून ‘फ्री प्ले’ तयार होतो. चेंडू सुटताना बचावपटू रेषेपलीकडे असेल, तर ऑफसाइडचा रुमाल पडतो आणि बहुतेक वेळा डाव चालू राहतो. क्वार्टरबॅकला कळते की, आता पास चुकला किंवा प्रतिस्पर्ध्याने झेलला, तरी पाच यार्ड घेऊन पुन्हा खेळता येईल. मग तो बिनधास्त लांब पास टाकतो. क्रिकेटमधील नो-बॉलनंतरची फ्री हिट आठवली, तर हा प्रकार लगेच समजेल. फरक इतकाच की, इथे संधी पुढच्या चेंडूवर नसते, त्याच डावात असते. एरन रॉजर्स आवाजाच्या चढउताराने बचावपटूंना फसवून असे फ्री प्ले मिळवण्यासाठी प्रसिद्ध आहे.

दोन्ही संघ चुकले तर?

एकाच डावात दोन्ही संघांकडून नियमभंग झाला, तर सामान्यतः दंड एकमेकांना छेद देतात आणि संधी पुन्हा खेळली जाते. १० यार्डांतून पाच वजा करून पाच यार्ड, असे गणित होत नाही. त्याला अपवाद आहेत. एका बाजूची चूक साधी पाच यार्डांची आणि दुसऱ्या बाजूची १५ यार्डांची असेल, तर एनएफएलमध्ये मोठ्या चुकीचाच दंड होतो. नाहीतर हलक्या चुकीच्या आड गंभीर चूक लपली असती.

एकाच संघाने एका डावात दोन चुका केल्या, तर समोरचा संघ त्यातली एक निवडतो. डाव संपल्यानंतरच्या चुका मात्र वेगळ्या धरल्या जातात आणि एकापाठोपाठ एक वसूल होतात.

घड्याळाचा संबंध कुठे येतो?

शेवटच्या सेकंदाला बचाव संघाने चूक केली आणि दंड स्वीकारला गेला, तर घड्याळ शून्यावर असले तरी सामना संपत नाही. आक्रमक संघाला आणखी एक संधी मिळते. मुद्दाम चूक करून वेळ संपवण्याची वाट त्यामुळे बंद होते. उलट बाजूने, अखेरच्या क्षणांत आक्रमणाच्या काही चुकांसाठी घड्याळातून १० सेकंद कापले जातात, म्हणजे चूक करून घड्याळ थांबवता येत नाही.

२०२३ च्या सुपर बोलमधील निर्णयाचे वजन इथे कळते. तिसरी संधी होती आणि आठ यार्ड बाकी होते. रुमाल पडला नसता, तर चीफ्सने चौथ्या संधीत फील्ड गोल मारून तीन गुण घेतले असते आणि ईगल्सना उत्तर देण्यासाठी दीड मिनिटाहून अधिक वेळ मिळाला असता. डिफेन्सिव्ह होल्डिंगमुळे चीफ्सना नव्या चार संधी मिळाल्या. त्यांनी त्या घड्याळ संपवण्यासाठी वापरल्या. जेरिक मॅकिननला टचडाऊन करण्याची संधी असतानाही तो गोलरेषेच्या अलीकडे मुद्दाम घसरून बसला, कारण त्या घडीला सहा गुणांपेक्षा वेळ मोलाचा होता. शेवटी हॅरिसन बटकरने फील्ड गोल मारला. पाच यार्डांना इथे फारसे महत्त्व नव्हते, निकाल फिरवला तो नव्या संधींनी.

सामन्यानंतर ब्रॅडबेरीने आपण जर्सी ओढल्याचे मान्य केले. तरीही इतक्या निर्णायक क्षणी तो रुमाल टाकायला हवा होता का, यावर बराच काळ वाद रंगला.

आणि रुमाल पडलाच नाही तर?

याचे उत्तर न्यू ऑर्लीन्स शहराला विचारावे. २० जानेवारी २०१९ रोजी सुपर बोलच्या आधीच्या फेरीत सेंट्स आणि लॉस एंजेलिस रॅम्स २०-२० असे बरोबरीत होते. दोन मिनिटांहून कमी वेळ उरला होता, सेंट्सची तिसरी संधी होती आणि गोलरेषा १३ यार्डांवर. चेंडू पोहोचण्याआधीच रॅम्सचा निकेल रोबी-कोलमन सेंट्सच्या टॉमीली लुईसवर आदळला. रुमाल पडला नाही.

पास इंटरफिअरन्स दिले गेले असते, तर सेंट्सना गोलरेषेजवळ नव्या संधी मिळाल्या असत्या आणि वेळ संपवत अखेरीस किक मारता आली असती. चार वर्षांनी चीफ्सने जे केले, तेच. प्रत्यक्षात त्यांना लगेच फील्ड गोल मारावा लागला. रॅम्सकडे वेळ उरला, त्यांनी बरोबरी साधली आणि जादा वेळेत २६-२३ असा विजय मिळवून सुपर बोल गाठला. आपण आधीच पोहोचलो होतो, असे रोबी-कोलमनने नंतर सांगितले. चूक झाल्याचे लीगनेही मान्य केले. लुइझियानाच्या राज्यपालांनी लीगला पत्र लिहिले, चाहते न्यायालयात गेले. निकाल मात्र बदलला नाही.

त्यानंतर २०१९ च्या हंगामासाठी एनएफएलने पास इंटरफिअरन्सचा निर्णय, आणि न दिलेला निर्णयही, व्हिडीओवर तपासण्याची परवानगी दिली. पण कोणता धक्का ‘स्पष्ट’ आणि कोणता नाही, हे पडद्यावर संथ गतीने पाहूनही एकमताने ठरेना. एका हंगामातच तो प्रयोग गुंडाळला गेला.

भारतीय प्रेक्षकाने हे का समजून घ्यावे?

ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अधिवेशन मुंबईत झाले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेटला स्थान देण्याचा निर्णय तिथे झाल्याचे सर्वांना आठवते. त्याच मतदानात फ्लॅग फुटबॉललाही प्रवेश मिळाला. हा पाच-पाच खेळाडूंचा, अंगावर न आदळता खेळायचा प्रकार आहे. त्यात ‘फ्लॅग’ म्हणजे खेळाडूच्या कमरेला लावलेली पट्टी. ती ओढली की धाव संपली. पंचांचा पिवळा रुमाल वेगळा, पण संधी, यार्ड आणि दंडाचा हिशेब याच धर्तीचा असतो.

त्यामुळे पुढच्या वेळी मैदानावर पिवळा रुमाल दिसला, की चार प्रश्न विचारावेत. चूक कोणाची? मोजायचे कुठून? नव्या संधी मिळणार का? आणि दंड नाकारण्यात अधिक फायदा आहे का? रेफरी माइक सुरू करण्याआधी या चारांची उत्तरे मिळाली, तर पुढे काय होणार ते बहुतेक वेळा आधीच कळते. रुमाल टाकायचा की खिशात ठेवायचा, हे मात्र त्या क्षणी माणसालाच ठरवावे लागते. न्यू ऑर्लीन्समध्ये वाद झाला तो नेमका त्यावरच.